अँजेलिक किजो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅझ, सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, चर्चच्या गाण्यातून वाढलेलं गाणं) आणि जगभरचं लोकसंगीत ऐकणाऱ्या मंडळींत बेनिनच्या या गायिकेचं नाव निघालं, की तेच ते प्रश्न येतात. शब्द कळत नाहीत, ठेका हातात येत नाही, आणि इतक्या प्रकारचं गाणं एकाच बाईचं कसं? म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. लांबी प्रश्नागणिक वेगळी आहे, कारण सगळेच प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत.

या कोण, कुठल्या?

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नायजेरियाला लागून बेनिन नावाचा चिंचोळा देश आहे. तिथल्या वीदा या समुद्रकाठच्या गावी १४ जुलै १९६० रोजी त्यांचा जन्म झाला. देशाचं नाव तेव्हा दाहोमे होतं आणि फ्रेंचांचा अंमल संपायला जेमतेम अडीच आठवडे उरले होते; १ ऑगस्टला स्वातंत्र्य आलं. गंमत म्हणजे १४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. वडील फॉन समाजाचे, आई योरुबा. किजो गातात, गाणी लिहितात, चाली बांधतात आणि मंचावर नाचतातही.

नावाचा उच्चार काय?

'किजो'. रोमन लिपीत Kidjo असं लिहितात; त्यातला 'd' वेगळा उच्चारायचा नाही. पूर्ण नाव अँजेलिक क्पासेलोको हिंतो हुनसिनू कांद्जो मांता झोगबिन किजो असं आहे. ते पाठ करायची कुणावर सक्ती नाही.

त्या किती भाषांत गातात?

फॉन, योरुबा, मिना, फ्रेंच आणि इंग्रजी या नेहमीच्या. यातल्या पहिल्या तीन बेनिन-टोगो-नायजेरियाच्या पट्ट्यातल्या, आणि तिथे माणसाला दोनतीन भाषा येणं हे काही कौतुकाचं मानत नाहीत. आपल्याकडे बेळगावच्या माणसाला मराठी-कन्नड दोन्ही येतं, त्यात कुणाला काय वाटतं? याखेरीज गाण्याच्या गरजेप्रमाणे स्वाहिली, स्पॅनिश, दक्षिण आफ्रिकेतली खोसा, आणि हो, हिंदीसुद्धा. तिच्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

एखादं गाणं कुठल्या भाषेत लिहायचं हे कशावरून ठरतं?

इथे जरा थांबायला हवं, कारण त्यांच्या गाण्याची अर्धी किल्ली या उत्तरात आहे.

फॉन आणि योरुबा या स्वरभाषा आहेत. म्हणजे अक्षर उंच स्वरात उच्चारलं की एक अर्थ, खालच्या स्वरात उच्चारलं की दुसरा. मराठीत 'पाणी' षड्जावर म्हणा की पंचमावर, ते पाणीच राहतं. योरुबात तसं नाही. त्यामुळे तिथे चाल बांधणाऱ्याला मोकळं रान नसतं: शब्द वर चढत असेल तर चालीलाही वर जावं लागतं, निदान उलट दिशेला जाऊन चालत नाही. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी युरोपातल्या प्रार्थनागीतांच्या चालींवर योरुबा शब्द बसवले, तेव्हा बोलण्यातले स्वर आणि चालीतले स्वर यांची फारकत झाली आणि ऐकणाऱ्याला भलतेच अर्थ लागू लागले. आफ्रिकी संगीताच्या अभ्यासात हे उदाहरण हमखास येतं. योरुबांचा दुंदुन नावाचा 'बोलणारा ढोल' याच्या उलट टोकाला आहे. त्याच्या दोऱ्या काखेत दाबून स्वर वरखाली करायचे, की शब्दांविना नुसत्या स्वरांवरून वाक्य कळतं.

आता किजोंची योरुबा आणि इंग्रजी गाणी एकापाठोपाठ ऐकून पाहा. योरुबात चाल लहान लहान उड्या मारत, बोलण्याच्या जवळून जाते. इंग्रजीत ती लांब ताणता येते, कारण तिथे शब्दाला स्वराचं ओझं नाही. बहुभाषिक असणं हा यांचा दिखाऊपणा नाही असं मी म्हणतो ते याच कारणानं. भाषा बदलली की चालीची चणच बदलते. फॉनमधलं गाणं तसंच्या तसं इंग्रजीत नेलं, तर ते निराळंच गाणं होईल.

हे एवढं सगळं संगीत त्यांच्या घरी आलं कुठून?

आई ईव्हॉन नाटक-नृत्याची मंडळी चालवायच्या. वयाच्या सहाव्या वर्षी मुलगी त्यांच्याबरोबर रंगमंचावर होती. वडील पोस्टात नोकरीला, आणि हौस बँजो वाजवण्याची. भाऊ वाद्यवृंदात. घरी एकीकडे विधींची, जत्रांची गाणी; दुसरीकडे तबकड्यांवर जेम्स ब्राऊन, ओटिस रेडिंग, जिमी हेंड्रिक्स, नायजेरियाचे फेला कुटी, मनू दिबांगो, सान्ताना. आणि सगळ्यांच्या वर दक्षिण आफ्रिकेच्या गायिका मिरियम माकेबा. आफ्रिकी बाई आपल्या भाषेत गाऊन जगभर जाऊ शकते, हे त्या पिढीतल्या मुलींना माकेबांनी दाखवलं. शाळेच्या बँडमध्ये असतानाच किजोंनी माकेबांचं एक गाणं आपल्या ढंगात केलं आणि ते राष्ट्रीय रेडिओवर वाजलं.

देश का सोडला?

१९७२ मध्ये मॅथ्यू केरेकू यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली. दोन वर्षांनी मार्क्सवाद-लेनिनवाद ही राज्याची अधिकृत विचारधारा झाली आणि १९७५ मध्ये देशाचं नाव बेनिन झालं. कलावंतांनी राजवटीचे गोडवे गावेत अशी अपेक्षा होती. किजोंना ते जमणारं नव्हतं. १९८३ मध्ये त्या गुपचूप निघाल्या आणि पॅरिसला पोहोचल्या.

जॅझ कुठे शिकल्या? गाण्यात ते नेमकं कुठे ऐकू येतं?

पॅरिसमधल्या 'सीआयएम' नावाच्या जॅझ शाळेत, फीसाठी मिळेल ती कामं करत. तिथेच ज्यां एब्राय हे बेस गिटारवादक आणि संगीतकार भेटले. १९८७ मध्ये दोघांनी लग्न केलं, आणि पुढची कितीतरी गाणी जोडीनं रचली. १९८५ पासून त्या डच पियानोवादक यास्पर फान्ट होफ यांच्या 'पिली पिली' या आफ्रिकी-युरोपीय जॅझ बँडच्या मुख्य गायिका होत्या. म्हणजे जॅझ त्यांनी वर्गातही शिकलं आणि रात्री लोकांसमोर घासूनही घेतलं.

ऐकू कुठे येतं म्हणाल, तर तीन जागी. एक, साथीदारांत: ब्रॅनफोर्ड मार्सालिसचा सॅक्सोफोन त्यांच्या अनेक अल्बमांत आहे, 'ईव्ह' या अल्बमात डबल बेसवर क्रिश्चियन मॅकब्राईड आणि गिटारवर बेनिनचेच लिओनेल लुएके आहेत. दोन, शब्दांविना गळ्यानं वाद्यासारखं फिरण्यात. यात त्यांनी फॉन परंपरेतली 'झिलिन' नावाची गायकी आणि जॅझमधलं शब्दविरहित गायन एकमेकांत मिसळलं आहे, आणि सांधा दिसत नाही. तीन, तालाच्या मागेपुढे ओळ टाकण्यात. तिसरी गोष्ट पटकन कळत नाही. हेडफोन लावून फक्त ढोल आणि आवाज यांच्यातलं अंतर ऐका, मग कळेल.

आणि सोल?

सोलचा मुख्य वारसा त्यांच्या आवाजाच्या जातीत आहे. छातीतून येणारा, कडेला किंचित खरखरीत, हाक मारल्यासारखा आवाज. २०१० च्या 'ओयो' अल्बमात त्यांनी जेम्स ब्राऊन, अरेथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग यांची गाणी गायली आहेत. अरेथाच्या गाण्यात सोबतीला जॅझ गायिका डायॅन रीव्ह्ज. सोलमधला 'हाक आणि ओ' हा प्रकार, म्हणजे मुख्य गायिका एक ओळ टाकते आणि कोरस उत्तर देतो, वीदाच्या देवघरांतही चालतोच. त्यांना तो अमेरिकेकडून उसना घ्यावा लागला नाही.

म्हणजे हे फ्यूजनच ना?

हा शब्द मला इथे बसत नाही. फ्यूजन म्हणजे दोन परक्या गोष्टींची गाठ मारणं. इथे गाठ आधीच मारलेली होती, आणि ती कशी पडली हा इतिहास सुखाचा नाही.

वीदा हे गुलामांच्या व्यापाराचं फार मोठं बंदर होतं. या किनाऱ्याला युरोपीय नकाशांत 'गुलामांचा किनारा' असंच नाव होतं. इथून जहाजांत कोंबलेली माणसं ब्राझीलच्या बाहियाला गेली, क्यूबाला गेली, हैतीला गेली, उत्तर अमेरिकेत गेली. बरोबर काही नेता येत नव्हतं, पण ठेके, देवांची नावं आणि गाण्याची रीत डोक्यात गेली. फॉन लोकांचा व्होदून हा धर्म हैतीत आणि लुइझियानात वूडू झाला. योरुबांचे ओरिशा देव बाहियात कांदोंब्ले आणि क्यूबात सान्तेरिया या पंथांत पुजले जाऊ लागले. आफ्रिकेतून गेलेल्या अशा ढोलांचे ठेके सांबात आले, रुंबात आले. न्यू ऑर्लिन्सच्या जॅझमध्ये आणि पुढे सोलमध्येही आफ्रिकेतून नेलेल्या या संचिताचा वाटा आहे. वीदाच्या वाळूवर आज 'परत न येण्याचा दरवाजा' नावाची स्मारक-कमान उभी आहे. आणखी एक गोष्ट: काही मुक्त झालेले लोक ब्राझीलहून परत आले. त्यांच्या वंशजांना तिथे आगुदा म्हणतात, त्यांची आडनावं पोर्तुगीज आहेत आणि त्यांचं नाचगाणं ब्राझिलियन वळणाचं आहे.

तेव्हा किजो सांबा किंवा साल्सा गातात, तेव्हा ते लांबच्या देशी दिलेल्या लेकीनं माहेरी येण्यासारखं आहे. बोली बदललेली, चेहरा तोच. हाच धागा धरून त्यांनी तीन अल्बम केले: 'ओरेमी' (१९९८) उत्तर अमेरिकेसाठी, 'ब्लॅक आयव्हरी सोल' (२००२) ब्राझीलसाठी, 'ओयाया!' (२००४) कॅरिबियनसाठी. पहिल्यात हेंड्रिक्सचं 'वूडू चाइल्ड' आहे. वीदाच्या बाईनं ते गाणं गावं यात जी टोकदार गंमत आहे, ती सांगायला नको. माझ्या मते तिघांत 'ब्लॅक आयव्हरी सोल' सरस. ब्राझीलचे संगीतकार कार्लिन्योस ब्राऊन यांचा हात त्यात आहे आणि ढोलांना श्वास घ्यायला जागा आहे.

ठेका हातात येत नाही. कसा मोजू?

टाळी मारायला जाता आणि चुकता, बरोबर? चूक तुमची नाही. या भागातल्या बऱ्याच पारंपरिक तालांत बारा मात्रांचं आवर्तन असतं आणि ते एकाच वेळी दोन प्रकारे ऐकता येतं.

एका लोखंडी घंटेवर सात टोले पडतात: १, ३, ५, ६, ८, १०, १२ या मात्रांवर. बोटानं टेबलावर हे आधी पक्कं करा. मग पायानं १, ४, ७, १० वर आपटा. चार पावलं मिळतील, नाचणाऱ्यांचा पाय इथे पडतो. नंतर पाय बदलून १, ५, ९ वर आणा. घंटा तीच, पण आता तीन पावलं. दादरा ओळखीचा असेल त्याला तीन-तीनचे गट लगेच सापडतात. अडचण चार-चारला येते. ढोल या दोन्ही मोजण्यांच्या मध्ये खेळत राहतात, म्हणून सम निसटल्यासारखी वाटते. तिथे तबल्यासारखी समेवर येऊन 'आहा' मिळवायची पद्धत नाही. चक्र फिरत राहतं.

किजोंची सगळीच गाणी या तालात नाहीत. पुष्कळ साध्या चारच्या ठेक्यात आहेत. पण ही बारा मात्रांची घंटा एकदा कानात बसली, की साध्या ठेक्यातलं त्यांचं झुलणंसुद्धा वेगळं ऐकू येतं.

त्यांनी हिंदी चित्रपटातलं गाणं गायलंय, हे खरं?

अगदी खरं. 'ओयो' अल्बमातच आहे. गाणं 'दिल में छुपा के प्यार का', मेहबूब खान यांच्या 'आन' (१९५२) मधलं. मूळ गायक मोहम्मद रफी, संगीत नौशाद. 'ओयो' हा अल्बम लहानपणी कानावर पडलेल्या गाण्यांचा आहे, त्यात जेम्स ब्राऊन, माकेबा आणि सिडनी बेशे यांच्या शेजारी नौशाद बसले आहेत.

याचं आश्चर्य आपल्यालाच जास्त वाटतं. पश्चिम आफ्रिकेतल्या थिएटरांत मुंबईचे चित्रपट अनेक दशकं चालले. भाषा कुणाला येत नसे, गाणी येत. 'आन' फ्रेंच मुलुखात 'मंगला' या नावानं ओळखला गेला, म्हणजे निम्मीनं केलेल्या गावच्या पोरीच्या नावानं. राजकुमारी नादिरा मागे पडली आणि मंगला लोकांच्या लक्षात राहिली, हे मला फार आवडतं.

ऐकताना रफींशी तुलना करायला बसू नका. तसं बसलात, तर गाणं हातचं जाईल.

इतकी दुसऱ्यांची गाणी का गातात? स्वतःची कमी पडली का?

नाही. 'लोगोझो' (१९९१), 'आये' (१९९४), 'फिफा' (१९९६), 'ईव्ह' (२०१४), 'मदर नेचर' (२०२१) हे मुख्यतः स्वतःच्या गाण्यांचे अल्बम आहेत. पण दुसऱ्यांची गाणी घेण्यामागे बहुतेकदा काहीतरी म्हणायचं असतं.

टॉकिंग हेड्सचा 'रिमेन इन लाइट' (१९८०) हा अल्बम घ्या. न्यूयॉर्कच्या या बँडनं फेला कुटीच्या संगीतावरून प्रेरणा घेऊन तो केला होता. पॅरिसला नव्यानं आलेल्या किजोंनी त्यातलं 'वन्स इन अ लाइफटाइम' ऐकलं आणि म्हणाल्या, हे तर आफ्रिकी आहे. आजूबाजूच्यांनी समजावलं, नाही नाही, हे रॉक. तो वाद त्यांनी २०१८ मध्ये निकालात काढला: अख्खा अल्बम पुन्हा केला, त्यात आफ्रिकी ठेके आणि आपल्या भाषांतल्या ओळी घातल्या, आणि ढोलांवर फेलाचेच जुने साथीदार टोनी अॅलन यांना बसवलं. उत्तर याहून सभ्य आणि याहून सणसणीत कसं देणार?

'सेलिया' (२०१९) क्यूबाच्या साल्सा गायिका सेलिया क्रूझसाठी. किशोरवयात किजोंनी क्रूझना बेनिनमधल्या कोतोनू शहरात गाताना पाहिलं होतं, आणि त्या परक्या बाईच्या गाण्यांत येमाया, एलेगुआ अशी आपल्या देवांची नावं ऐकली होती. या अल्बमात बेनिनचा गांग्बे ब्रास बँड आहे. साल्सातला नेहमीचा पियानो शोधाल तर निराश व्हाल. त्याऐवजी पितळी वाद्यं आणि ढोल पुढे आहेत.

'जिन जिन' (२००७) मध्ये फ्रेंच संगीतकार राव्हेलचं 'बोलेरो' आहे, 'लोनलोन' या नावानं. वाद्यवृंदाची ती प्रसिद्ध चाल त्यांनी गळ्यावर घेतली आहे. हे जमेल असं कुणाला वाटलं नसतं.

शास्त्रीय वाद्यवृंदाबरोबरही गातात का?

हो. अमेरिकी संगीतकार फिलिप ग्लास यांनी त्यांच्यासाठी योरुबा कवनांवर 'इफे' नावाची तीन गाणी रचली. २०१४ मध्ये लक्झेंबर्गच्या फिलहार्मोनिकबरोबर ती प्रथम सादर झाली. कवनं किजोंचीच. ग्लास यांच्या बाराव्या सिंफनीतही (२०१९, लॉस एंजेलिस) त्यांचा आवाज आहे.

ग्रॅमी किती? आणि 'वर्ल्ड म्युझिक' म्हणायचं की नाही?

पाच. कंसात पुरस्काराचं वर्ष: 'जिन जिन' (२००८), 'ईव्ह' (२०१५), 'सिंग्ज' (२०१६), 'सेलिया' (२०२०) आणि 'मदर नेचर' (२०२२). २०२० ला पुरस्कार घेताना त्यांनी तो त्याच यादीत असलेल्या नायजेरियाच्या तरुण गायकाला, बर्ना बॉयला अर्पण केला. पुढच्याच वर्षी तो जिंकला. शिवाय २०२३ चं स्वीडनचं पोलर संगीत पारितोषिक, तेही एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पेर्त आणि ख्रिस ब्लॅकवेल यांच्याबरोबर. ब्लॅकवेल हे आयलंड रेकॉर्ड्सचे संस्थापक; १९९१ मध्ये किजोंना करारबद्ध करणारे तेच.

'वर्ल्ड म्युझिक' हे नाव १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये रेकॉर्ड कंपन्यांच्या लोकांनी बसून पक्कं केलं. दुकानात या तबकड्या कुठल्या फळीवर ठेवायच्या, एवढाच प्रश्न होता. फळी मिळाली, विक्री वाढली, पण मालीचं 'कोरा' हे तंतुवाद्य, बल्गेरियाचा कोरस आणि आपली कव्वाली एकाच खोक्यात पडली. ग्रॅमीनं २०२० मध्ये या विभागाचं नाव बदलून 'ग्लोबल म्युझिक' केलं. खोकं तेच, चिठ्ठी नवी. मी तरी 'बेनिनचं गाणं' म्हणतो.

बाटोंगा ही काय भानगड आहे?

आधी गाणं, मग संस्था. मुलगी असून शाळेत जाते म्हणून चिडवणाऱ्या पोरांना उत्तर द्यायला लहान अँजेलिकनं हा शब्द स्वतःच तयार केला होता. 'लोगोझो'त त्याचं गाणं झालं. २००६ मध्ये त्याच नावाची संस्था निघाली; आफ्रिकेतल्या मुलींचं प्राथमिकनंतरचं शिक्षण थांबू नये म्हणून ती काम करते. युनिसेफच्या सदिच्छादूत त्या २००२ पासून आहेत. 'ईव्ह'मधले केनिया आणि बेनिनच्या बायकांचे कोरस याच फिरतीत सापडलेले. स्टुडिओत बायका बोलावण्यापेक्षा गावात जाऊन ध्वनिमुद्रण केलं आहे, आणि ते ऐकू येतं.

त्यांचं सगळंच चांगलं आहे का?

नाही. 'आये'मधलं 'आगोलो' जबरदस्त आहे, पण त्या अल्बमावर नव्वदच्या दशकातल्या कीबोर्डचा मुलामा जाड आहे. 'जिन जिन'ला ग्रॅमी मिळाली खरी, पण पाहुण्यांची रांग इतकी लांब, की यजमानीण अधूनमधून दिसेनाशी होते. उलट 'फिफा' बेनिनमध्ये हिंडून, स्थानिक वाजवणाऱ्यांना घेऊन केलेला, त्याचं नाव फार कुणी घेत नाही. मला विचाराल तर तो आधी ऐका.

सुरुवात कुठून करू?

नाचायचं असेल तर 'आगोलो' आणि 'वोम्बो लोम्बो'. शांत बसून ऐकायचं असेल तर 'लोगोझो'मधलं स्वाहिली 'मलायका'. आवाजाची ताकद पाहायची असेल तर 'ब्लेवू'. टोगोच्या बेला बेलोचं हे गाणं किजोंनी ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पॅरिसच्या विजय कमानीखाली, पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्या आफ्रिकी सैनिकांच्या स्मरणार्थ गायलं. समोर साठ-सत्तर देशांचे प्रमुख बसले होते. त्याचं चित्रीकरण सहज मिळतं.

जॅझवाल्यांनी 'ईव्ह' घ्यावा, रॉकवाल्यांनी 'रिमेन इन लाइट', जुन्या हिंदी गाण्यांच्या वेड्यांनी 'ओयो'. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. खालचे ढोल त्यात गळून जातात आणि मग ठेका सापडत नाही म्हणून पुन्हा वरचाच प्रश्न येतो.